लोहाऱ्याचा पोळा

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की लगेच लोहारा लागतं. गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली, डेनिम कापडाचा कारखाना आला आणि सकाळी वावराकडे निघणाऱ्या पावलांत पाळीला निघालेल्यांची पावलं मिसळली.

पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि पुरुष कामगारांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले, की जनगणना गावाला शहर म्हणते. लोहाऱ्याचंही नाव त्या यादीत चढलं. पुढे यवतमाळची हद्द वाढली आणि नगर परिषदेनं त्याला आपल्यात घेतलं. पण गावाचं वर्ष अजून नक्षत्रांवर आणि तिथींवर चालतं. महाशिवरात्रीला कमलेश्वराच्या जुन्या हेमाडपंती देवळाकडे माणसांची रीघ लागते.

इथली काळी माती कपाशीची. याच मुलखातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे धावू लागली. मूर्तिजापूरहून मोठ्या लाइनीनं मुंबई आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टर. आज तोच धागा लोहाऱ्याच्या शिवारात यंत्रावर विणला जातो. हे वैभव खरंच, पण त्याच्या मुळाशी वाकून बोंडं वेचणारी बाई आहे. कमरेला ओटी बांधलेली, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरखडलेली. आधी तिचं नाव घ्यायला हवं.

तिच्यानंतर बैलांचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. जू ओढून राठ झालेल्या त्या जागेवरून धन्याचा हात सावकाश फिरतो. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी रंगतात, तोरण तुटतं आणि बैल पूजेसाठी घरोघरी निघतात.

ट्रॅक्टर आले तशा बैलजोड्या कमी झाल्या. तरी दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरं सोडत नाहीत. ज्यांच्या घरी गोठा नाही, वावर नाही, बाप कारखान्यात पाळी करतो, तीही चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत दारोदार बोजारा मागत फिरतात. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ, आणि बैलाला कुंकू लावल्याशिवाय कुणी त्यांना दारातून हलू देत नाही.