पिकाडियो आणि आपला खिमा

पुसद, जि. यवतमाळ

चि. राणीस,


तुझा प्रश्न दोनच ओळींचा आहे. अमेरिकेत टॅम्पाला शेजारच्या क्यूबन बाईंकडून शिकलेला पिकाडियो, म्हणजे त्यांचा खिमा, तू आठवड्यातून दोनदा करतेस, अर्ध्या तासात होतो, भातासोबत चांगला लागतो. पण करताना घरचं काहीतरी सुटत चाललंय असं वाटतं, तर ते खरं का, आणि या पदार्थाची गोष्ट काय. तुला दोन ओळी पुरल्या, मला चार पानं लागणार, कारण यातलं बरंचसं मला माझ्यासाठीच नीट लावून पाहायचं आहे. पोरं दूर गेली की मागे राहिलेल्यांना एकच धास्ती असते: आधी आपलं खाणं विसरतील, मग बोलणं, मग येणं. धास्ती खोटी नाही. पण ती नेमकी कशाबद्दल धरायची, तिथे आपण चुकतो असं माझं मत झालं आहे. पिकाडियोबद्दल ती धरू नकोस. का, ते सांगते.

आधी नाव बघ. स्पॅनिशमध्ये ‘पिकार’ म्हणजे बारीक चिरणं, त्यावरून पिकाडियो. आपला ‘खिमा’ फारसीतून आला, त्याचाही अर्थ बारीक केलेलं मांस एवढाच. दोन्ही शब्द कुठला प्राणी ते सांगत नाहीत, कुठला मसाला ते सांगत नाहीत; हाताने काय काम केलं तेवढं सांगतात. जिथे मांस महाग आणि खाणारी तोंडं जास्त, तिथे हे काम करावंच लागतं. मानेचा किंवा पायाचा चिवट तुकडा, हाडाला चिकटून राहिलेलं थोडंफार मांस, यांचा रस्सा करायचा तर तासभर चूल पेटती ठेवावी लागते. तेच सत्तूराने बारीक केलं की चिवट धागे शिजायच्या आधीच तुटलेले असतात, आच कणाकणाला लागते आणि वीस मिनिटांत काम होतं. वरून आलू नाहीतर मटार घातले की अर्ध्या किलोत अख्खं घर जेवतं. म्हणजे झटपट जेवण ही अमेरिकेतल्या धावपळीची देणगी आहे आणि आपण आळशी झालो, असं जे तू लिहिलंस ते बरोबर नाही. खिमा हा सरपण वाचवणाऱ्या, वेळ वाचवणाऱ्या घरांचाही पदार्थ आहे. 

यावर कोणीही म्हणेल की कांद्यावर बारीक मांस परतणं जगात कुठल्याही माणसाला सुचेल, त्यावरून नातं कसलं जोडता? हा आक्षेप मला मान्य आहे. नुसत्या खिम्यावरून नातं जोडता येत नाही. पण सोबत काय पडतं ते बघ. क्यूबन कढईत आधी कांदा, लसूण आणि हिरवी ढोबळी मिरची तेलात परततात. त्याला ते सोफ्रितो म्हणतात. त्यात पडतं जिरं. आता जिरं काही क्यूबाचं पीक नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाचं आणि पश्चिम आशियाचं. स्पेनमध्ये इ.स. ७११ पासून मुसलमान राजवट आली आणि तिच्या मुदपाकखान्यातून मांसात जिरं, मनुका, बदाम घालायची रीत त्या देशात रुजली. १४९२ च्या जानेवारीत ग्रॅनाडा पडलं आणि ती राजवट संपली; त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या मागोमाग गेलेल्या स्पॅनिश लोकांनी ही रीत सोबत नेली. आणि इकडे आपल्या वऱ्हाडात काय चाललं होतं? १४९० मध्ये अचलपूरला इमादशाही उभी राहिली, दरबाराची भाषा फारसी. त्याच सुमारास उत्तरेला मांडूच्या सुलतानाच्या दरबारात ‘निमतनामा’ नावाचं पाकपुस्तक लिहिलं जात होतं, त्यात समोशात खिमा भरायच्या कृती आहेत. एकाच मोठ्या स्वयंपाकघराची दोन दारं समज. एक दार पश्चिमेला उघडलं आणि तिथून निघालेली वाट हवानाला गेली. दुसरं पूर्वेला उघडलं आणि ती वाट आपल्याकडे आली.

उलट दिशेचा पुरावा तर आपल्या तोंडातच आहे. टोमॅटो, मिरची आणि आलू हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातले, बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे उतरलेले. आपण वऱ्हाडात आलू म्हणतो, पण शाळेच्या पुस्तकातली मराठी ‘बटाटा’ म्हणते. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज-स्पॅनिशांच्या आधी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा होता, रताळ्यासाठी वापरलेला. क्यूबा हेही ताइनोंचंच बेट. ते लोक रोगराईने आणि गुलामीने थोड्या वर्षांत जवळजवळ संपले, आणि त्यांचा एक शब्द सह्याद्री ओलांडून मराठीत येऊन बसला. मला या एका शब्दाचा विचार सोडवत नाही. तू तिथे पिकाडियोत आलूच्या फोडी टाकतेस तेव्हा क्यूबन बाई त्याला ‘पापा’ म्हणत असतील, तू ‘पोटॅटो’ म्हणत असशील. आणि त्या बेटाच्या मूळ शब्दाच्या सगळ्यांत जवळचा शब्द त्या ओट्याजवळ फक्त तुझ्याकडे आहे, तुझ्या शाळेतल्या मराठीत. तो वापर.

मनुकांबद्दल तू कुरकुर केलीस, ती समजते. वऱ्हाडी तोंडाला मटणात गोड खपत नाही. आपल्याकडचं नावाजलेलं मटण म्हणजे सावजी: काळा मसाला, सुकं खोबरं, खसखस, जुन्या पद्धतीने केलं तर जवसाचं तेल. तिथे मनुकेला जागा नाही. पण आंबट, गोड आणि खारट एकत्र आणणं आपल्याला परकं आहे का? पुरण घातलं त्या दिवशी कटाची आमटी होते, तिच्यात चिंच आणि गूळ दोन्ही पडतात, आणि एक कमी पडलं तर लगेच कळतं. पिकाडियोत हिरवं ऑलिव्ह खारट-आंबट बाजू सांभाळतं, मनुका गोड बाजू. हिशेब तोच, मांडायची जागा वेगळी. मूठभर घालायची नाही, दहा-बारा दाणे पुरतात. आणि नाहीच आवडल्या तर नको घालूस. क्यूबन घरांतही मनुकांवरून दोन तट आहेत.

आता ज्या गोष्टीपाशी तू थांबलीस आणि नुसते टिंब-टिंब दिलेस, तिथे येते. तिथला पिकाडियो गाईबैलाच्या मांसाचा असतो. आपल्या घरात ते शिजलं नाही आणि मी शिजवणार नाही. पण ‘आपल्यात चालत नाही’ एवढं म्हणून मी तुला गप्प करणार नाही, कारण ते उत्तर अपुरं आहे. आपला हा मुलूख कापसाचा, काळ्या मातीचा. पाऊस पडला की ही माती लोखंडासारखी जड होते, आणि ट्रॅक्टर यायच्या आधी तिच्यात वखर ओढणारा एकच जीव होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात, हे आठवून बघ. गरम पाणी, मग हळद आणि तूप. जू घासून घासून खांद्यावर जो घट्टा पडलेला असतो, नेमका त्याच्यावरच हात फिरतो, हळूहळू, जोपर्यंत कातडी मऊ लागत नाही. मग त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी त्याला. आजूबाजूच्या तांड्यांतही तेच: बंजाऱ्यांचा जुना धंदा बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहण्याचा, म्हणून त्यांच्या सणाचा मांसाचा पदार्थ, सळोई, बकऱ्याचा. ज्याने वर्षभर ओझं ओढलं त्याला ताटात घ्यायचं नाही, हा हिशेब माझ्या मनाला पटलेला आहे. धर्माच्या आधी मला तो उपकाराचा वाटतो.

पण हा हिशेब सगळ्यांचा नव्हता, हेही तितकंच खरं. याच मातीत ढोरकाम ज्यांच्या माथी मारलं, त्या घरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं, कारण दुसरं मिळू दिलं नाही. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवल्या. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मिळालं तर वाच; मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाबद्दल इतकं सरळ लिहिलेलं मराठीत फार थोडं आहे. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेतला तेव्हा गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला होता. कायद्याचंही सांगते. महाराष्ट्रात गाईच्या हत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आली. बैल आणि वळूंना ती लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये केली आणि ती अमलात आली २०१५ मध्ये. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कापलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. तिथे हा कायदा तुला लागू नाही. तेव्हा ठरवायचं तुलाच. टर्कीचा, कोंबडीचा, बोकडाचा खिमा घातला तरी पिकाडियोचं काही बिघडत नाही, कारण तो शब्द प्राण्याचा नाहीच. माझं म्हणणं एवढंच की जे नाकारशील ते का, आणि जे खाशील ते कोणाकोणाच्या वाट्याला कसं आलं, हे ठाऊक असू दे. शेजारणीच्या ताटाकडे बघून मात्र तोंड वाकडं करू नकोस. तसं वाकडं तोंड इथे फार घरांनी फार वर्षं सोसलं आहे.

आणि मुळं सुटतात का, या तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर तर त्या शेजारणीच्या कढईतच आहे. क्यूबात १९६२ पासून रेशनचं पुस्तक आहे. गाईगुरं कमी, म्हणून तिथेही सरकारी परवानगीशिवाय जनावर कापणं गुन्हा. कारण पोळ्याचं नाही, तुटवड्याचं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात तर उपासमारीची पाळी आली आणि रेशनवर मिळायला लागला सोयाबीन मिसळलेला पिकाडियो. लोकांनी तो नाखुशीने खाल्ला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाखालोखाल सोयाबीन दिसतं, आणि शाकाहारी घरात सोयावडी भिजवून, पिळून, कुस्करून खिमा करतात, तेव्हा हे तुला नवं नाही. बैलाच्या मांसाचा, ऑलिव्ह-मनुका घातलेला भरगच्च पिकाडियो बेटावर दुर्मीळ झाला, आणि तो टिकला कुठे? मायामीत आणि तुझ्या टॅम्पात, देश सोडून गेलेल्यांच्या घरी. टॅम्पाची ईबोर सिटी तर १८८० च्या दशकात सिगारच्या कारखान्यांभोवती वसली, तंबाखू वळणारे क्यूबन हात तिथे चार पिढ्यांपूर्वी पोचले. ज्या पदार्थामुळे आपण परके होतोय असं तुला वाटतं, तोच पदार्थ धरून दुसऱ्या एका मुलखाची माणसं परदेशात आपली राहिली आहेत. तो त्यांनी तुला शिकवला, म्हणजे विश्वासाने हाती दिला.

मग तू काय धरून ठेवायचं? म्हणशील भाकर, ठेचा, वरण-भात. ते कर, पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. माझी खरी तक्रार तुझ्या पत्रातल्या शब्दांबद्दल आहे. ‘मीट ब्राऊन केलं, मग सिमर केलं’ असं लिहिलंस. खिमा कढईत पडला की आधी पाणी सोडतो, तोवर तो उकडत असतो. पाणी आटलं की आवाज बदलतो, मग तो परतला जातो. शेवटी कडेला तेल सुटतं. ‘पाणी आटणं’, ‘परतणं’, ‘तेल सुटणं’ हे तीन शब्द माहीत असले की घड्याळाकडे बघावं लागत नाही, मग कढई क्यूबाची असो की पुसदची. कढई लहान असेल तर दोन वेळा विभागून परत, गर्दी झाली की पाणी आटत नाही. तिथल्या खिम्यात चरबी जास्त असते, वरून तेल फार नको. आणि एक काळजीचं: यंत्रावर काढलेल्या खिम्यात वरचा भाग आत मिसळतो, म्हणून तो मध्ये लालसर ठेवून खाऊ नये, तिकडे ७१ अंश सेल्सियसचं, आणि टर्की-कोंबडीच्या खिम्याला ७४ अंशांचं माप सांगतात, ते पाळ.

जिरं दळलेलं विकत घेऊ नकोस, अख्खं घे आणि कोरडं भाजून कूट. सांबार (तिथल्या मराठी मुलींकडे मागताना कोथिंबीर म्हण, आपला शब्द पुण्याच्या मुलींनाही कळत नाही) उतरवल्यावर घाल. दिवाळीच्या पुड्यात काळा मसाला पाठवते, तो पिकाडियोत टाकू नकोस, वेगळा खिमा करायला ठेव आणि एक वाटी त्या बाईंना नेऊन दे. त्यांना कसा लागला ते मला लिही, मराठीत, हाताने. अक्षर बिघडलं असलं तरी चालेल.

तुझी,
आत्या