उंबरठ्याबाहेरचा हिशेब

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की खारघरमधील एका चौथ्या मजल्यावरच्या घरात वही उघडली जाते. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानातल्या चोपड्यांसारखी. घरधन्यांना इमारतीतले सारे ‘काका’ म्हणतात. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील भुसार मालाचे दुकान त्यांनी केव्हाच मुलाच्या हाती सोपवले. परंतु दिवसाची जमा-नावे त्याच दिवशी मांडल्याशिवाय झोपायचे नाही, ही सवय सुटली नाही. आता त्या वहीत गहू-तांदळाऐवजी गृहनिर्माण संस्थेचा हिशेब असतो. टँकरचे पैसे, लिफ्टची दुरुस्ती, पहारेकऱ्याचा पगार.

एके संध्याकाळी त्या वहीशेजारी दोन पानी निवेदन येऊन पडले. परिसरातील अनेक गृहनिर्माण संस्थांनी मिळून ते महापालिकेला द्यावयाचे होते आणि त्यावर काकांची, संस्थेचे सचिव या नात्याने, सही हवी होती. मागण्या सात होत्या. पुरेसे पाणी, पावसाळी गटारांची सफाई, करआकारणीचा खुलासा, दिवाबत्ती, उद्यानाची देखभाल, या पाच मागण्यांवर काकांनी समाधानाने मान हलवली. सातवी होती, प्रभागातील कामांबाबत रहिवाशांना विश्वासात घ्यावे. तीही योग्यच. मात्र सहाव्या मागणीपाशी त्यांचे पेन थांबले. ‘मुख्य रस्त्यावरील सर्व फेरीवाले तातडीने हटविण्यात यावेत.’ त्या रात्री सही झाली नाही.

पेन का थांबले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. काकांचे वडील कच्छमधून पनवेलला आले तेव्हा त्यांच्यापाशी दुकान नव्हते. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून ते हळद, मिरची आणि धने विकत. दोन पावसाळे असेच गेले. नंतर एका भल्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीचा ओटा वापरू दिला, आणि ओट्यावरून पुढे दुकान उभे राहिले. घरात ही गोष्ट दर दिवाळीला, चोपडा-पूजनाच्या वेळी, न चुकता सांगितली जाई.

त्याच बाजारपेठेत काकांनी नगरपालिका जवळून पाहिली. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, देशातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. त्या काळी लागू असलेल्या १८५० च्या कायद्याची एक गंमत आहे. गावातल्या रहिवाशांची तशी इच्छा दिसून आली, तरच त्या गावाला तो कायदा लावला जाई. रस्ते, गटारे, दिवे यांसाठी आपण आपल्यावर कर बसवून घेऊ, असे लोकांनी म्हणावे आणि मग सरकारने मंजुरी द्यावी, असा तो क्रम होता. तो कारभार अर्थातच सर्वांचा नव्हता. स्त्रिया, कष्टकरी, गावकुसाबाहेरची माणसे यांना त्यात स्थान नव्हते. परंतु कर देणाऱ्याचा शब्द आधी आणि कराचे बिल नंतर, हे तत्त्व त्यात होते. घाटावर जाणारा माल खाडीतून जिथे उतरे, त्या गावच्या व्यापाऱ्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागले नसावे. व्यापारात पैसा मोजणाऱ्याला माल पाहण्याचा हक्क असतोच.

काकांच्या तरुणपणीही त्या जवळिकीचा काही अंश शिल्लक होता. नगरसेवक दुकानावरून जाई, चहाला थांबे, तुंबलेल्या गटाराबद्दल दोन खडे बोल ऐकून घेई. मुलांच्या शिक्षणासाठी आणि मोठ्या घरासाठी कुटुंब खारघरला आले, तेव्हा घराबरोबर कारभाराची रीतही बदलली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ही वसाहत आखली होती. रुंद रस्ते, आखीव सेक्टर, नोंदीत भूखंड. तक्रार करायला कार्यालय होते. मत द्यायला जो प्रतिनिधी हवा, तो मात्र सिडकोच्या रचनेत नव्हता.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका. जुने पनवेल शहर, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल अशा वसाहती आणि २९ गावे तिच्या हद्दीत आली. मे २०१७ मध्ये ७८ नगरसेवक निवडून आले. पुढे मालमत्ता कराची देयके आली ती स्थापनेच्या दिवसापासूनची थकबाकी धरून. सिडकोला त्याच वर्षांचे सेवाशुल्क आम्ही दिले, मग हा कर कशाचा, असे वसाहतींतील रहिवासी विचारू लागले. महापालिका झाली त्या दिवसापासून कर कायद्यानेच लागू होतो, असे प्रशासनाचे म्हणणे होते. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. काकांनी त्या दिवसांत वहीच्या मागच्या पानावर दोन्ही बाजूंचे म्हणणे समोरासमोर लिहून काढले होते. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या म्हणण्यातला सत्याचा अंश शोधण्याची सवय असते. दोन्ही रकाने वाचून त्यांनी खाली एकच ओळ लिहिली : ‘हे बोलणे बिल येण्यापूर्वी व्हायला हवे होते.’

त्यातच २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे प्रश्न न्यायालयात असल्यामुळे राज्यभरातील निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, कर भरणारे होते, कर घेणारे होते. मधला निवडून आलेला माणूस नव्हता.

काकांना या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली ती भाजी विकणाऱ्या एका मावशींनी. त्या जवळच्याच गावठाणातल्या. मेथी आणि लाल माठाच्या जुड्या घेऊन फाटकाजवळ बसतात. सही न झालेल्या रात्रीनंतरच्या सकाळी काकांनी त्यांना निवेदनातली सहावी मागणी वाचून दाखवली. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “शेट, आमची ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारीला ग्रामसभा भरायची. मी सगळ्यांसमोर उभी राहून सरपंचाला विचारलं होतं, विहिरीच्या पैशांचं काय झालं म्हणून. आता गाव शहरात गेलं. आता उभं कुठं राहायचं ते सांगा.”

काका निरुत्तर झाले. वसाहतीतल्या सदनिकाधारकाला जो आवाज कधी मिळालाच नव्हता, तो या बाईंपाशी होता आणि गाव शहरात गेल्यावर तो गेला. खेड्यातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. शहरातल्या मतदाराला, तो कितीही कर भरत असला, तरी तशी सभाच नसते. फाटकाच्या आतला आणि बाहेरचा, दोघेही एकाच दारासमोर तिष्ठत होते. आणि निवेदनातली सहावी मागणी एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करीत होती.

त्यानंतरचे काही दिवस काकांनी नातवाच्या मदतीने कायदा वाचण्यात घालवले. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की दारे आहेत. ती उघडलेली नाहीत, एवढेच. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे ती सांगते. महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात त्यापुढचे पाऊल आहे. प्रभाग समितीच्या क्षेत्रात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी आणि लोकसंस्थांच्या सदस्यांमधून तीनपर्यंत व्यक्तींना नगरसेवकांनी समितीवर नामनिर्देशित करावे, अशी तरतूद त्यात आहे. २००९ साली कायद्यात ‘क्षेत्रसभा’ आली. मतदान केंद्रांच्या यादीतील सर्व मतदारांची सभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. तिचा अध्यक्ष मात्र नगरसेवक. राज्यातील बहुतेक शहरांत ही सभा कागदावरच राहिली.

मुंबईत, घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९०च्या दशकात कचरा घरातच वेगळा करण्यापासून सुरुवात केली होती. त्यातूनच महापालिका आणि गल्लीतील रहिवासी यांच्या सहकार्याची योजना मुंबईभर पसरली. तेथील रहिवाशांनी आधी मागणी केली नव्हती, आधी काम केले होते. काकांच्या मनात ही गोष्ट विशेष घर करून राहिली.

पुढच्या रविवारी सर्व संस्थांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. काकांनी सहाव्या मागणीला विरोध केला आणि वडिलांच्या गोणपाटाची गोष्ट सांगितली. समोर बसलेला तरुण अध्यक्ष शांतपणे ऐकत होता. मग तो म्हणाला, “काका, तुमची आठवण खरी आहे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा रुग्णवाहिका याच रस्त्यावर हातगाड्यांत अडकली होती. आई वाचली. तिचा उजवा हात अजून उचलत नाही. हेही खरंच आहे ना?”

खोलीत कोणी काही बोलेना. काकांना उत्तर सुचले नाही, आणि सुचले नाही हे त्यांनी कबूल केले. अखेर मागच्या रांगेतील एका भगिनींनी विचारले, “त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना कोणाच्या मोटारी उभ्या होत्या?” त्या मोटारी बैठकीतल्याच अनेकांच्या होत्या.

तेव्हा काकांनी सोबत आणलेला दुसरा कागद काढला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात एक समिती असते. आयुक्त तिचे अध्यक्ष. किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. त्याच समितीत व्यापारी संघटनांचे आणि रहिवासी संघटनांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद आहे. म्हणजे जो प्रश्न या बंद खोलीत एकतर्फी सुटत नव्हता, त्यासाठी कायद्याने दोघांना एकाच मेजाभोवती बसवून ठेवले होते. मावशींना विचारले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. जागा कुठलीही द्या, पण रोजच्या गिऱ्हाइकापासून लांब टाकू नका. काकांनी तेही जसेच्या तसे बैठकीत मांडले. गिऱ्हाइकापासून लांब टाकलेले दुकान म्हणजे काय, हे व्यापाऱ्यांच्या पोरांना समजायला वेळ लागला नाही.

चर्चा दोन तास चालली. काही सदस्यांना शेवटपर्यंत ते पटले नाही. दोन संस्थांनी सही करण्यास नकार दिला. परंतु निवेदन बदलले. सहावी मागणी अशी झाली : रुग्णवाहिकेसाठी रस्त्याची एक बाजू हातगाड्यांपासून आणि मोटारींपासूनही कायम मोकळी ठेवावी, विक्रेत्यांची जागा पथविक्रेता समितीत, त्यांच्या उपस्थितीत, ठरवावी. सातव्या मागणीतले ‘विश्वासात घ्यावे’ हे मोघम शब्द गेले. त्यांच्या जागी दोन नेमक्या गोष्टी आल्या. प्रभाग समितीवर संस्थांचे प्रतिनिधी नेमावेत, आणि क्षेत्रसभा वसाहत व गावठाण यांची एकत्र भरवावी. अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी प्रभागाचा खर्च त्या सभेत मोठ्याने वाचला जावा, असेही त्यात होते. पर्युषणानंतर संघाच्या सभेत जमाखर्च वाचला जातो आणि शेवटच्या रांगेतला माणूसही त्यावर प्रश्न विचारू शकतो. ती रीत काकांनी लहानपणापासून पाहिली होती. ज्या सभेत हिशेब वाचला जात नाही, तिला ते सभाच मानत नाहीत.

खाली काकांची सही सर्वांत आधी झाली. अध्यक्षाची त्यानंतर.

निवेदन दिले गेले. पोहोच घेतलेली प्रत काकांनी वहीत चिकटवली आणि त्या रात्री नवे पान उघडले. उजवीकडे लिहिले, ‘येणे’. त्याखाली : प्रभाग समितीत प्रतिनिधी, बाकी. क्षेत्रसभा, बाकी. पथविक्रेता समितीची बैठक, बाकी.

मग डावीकडे लिहिले, ‘देणे’. ही यादी अधिक लांब झाली. रस्त्यावरच्या मोटारी आवारात घेणे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे. २०१६ च्या नियमांनी हे काम रहिवासी संघटनांवरच सोपवले होते. संस्थेच्या सभेत भाडेकरूंना मत नसले तरी बसायला जागा देणे. संस्थेचा स्वतःचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावणे.

नातवाने डोकावून विचारले, “दादा, पहिल्यांदा येणं वसूल करायचं ना?”

काका हसले. दुकानात शिकलेली गोष्ट त्यांनी त्याला सांगितली : ज्याचे देणे थकलेले असते, त्याच्या वसुलीच्या चिठ्ठीला बाजारात वजन नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली मोटार रस्त्यावरून आवारात आणली. मोकळ्या झालेल्या जागेतून दुपारी कोणाची तरी रिक्षा सरळ निघून गेली. काकांनी वहीत पहिल्या ओळीपुढे बारीक खूण केली आणि वही बंद केली.