नाण्याची दुसरी बाजू

रोमन नाण्यांचा नाद मला विद्यार्थिदशेत लागला, तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात चाळलेल्या एका जाडजूड सूचिग्रंथामुळे. इसवी सनापूर्वी 211 च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत, रोमने देनारिअस हे चांदीचे नाणे प्रथम पाडले. त्यावरील पंखयुक्त शिरस्त्राण धारण केलेले रोमा देवीचे मस्तक आणि पाठीमागे भरधाव घोडे फेकणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे बंधू पाहून, बाजारच्या चलनावर एवढे काव्य कोरणारे लोक किती रसिक असतील, असे त्या वयाला साजेसे कौतुक मला वाटले.

पुढे सरकारी नोकरीत, इनामांच्या सनदा आणि वंशावळी तपासण्यात उमेदीची वर्षे गेल्यावर ती भाबडी दृष्टी पालटली. टांकसाळीवर नेमलेले तरुण अंमलदार आपल्या कुळाची कीर्ती नाण्यावर खुशाल मिरवीत. ज्यूलियस सीझरने तर एका बाजूस व्हीनस आणि दुसऱ्या बाजूस वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघालेला ईनिअस घालून, आपण साक्षात देवीचे वंशज असल्याचा दाखला मुलुखभर फिरविला. पुराणकथा तेथे पुरावा म्हणून दाखल झाली होती.

त्याच सुमारास एका सराफाकडून मी गायस मामिलिअस लिमेटानस याचे इ. स. पू. 82 मधील नाणे घेतले. वजन चार ग्रॅमच्या आत, कडेला दाते पाडलेले. दर्शनी बाजूस मर्क्युरी, पाठीमागे हाती काठी घेऊन चाललेला युलिसिस आणि त्याच्यासमोर मान उंचावलेला आर्गस हा त्याचा कुत्रा. युलिसिस व सर्सी यांचा पुत्र टेलेगोनस हा आपला मूळपुरुष, असे मामिलिअस घराणे सांगे. तेव्हा हीही वंशावळच! परंतु सेवानिवृत्तीनंतर भिंग लावून पाहू लागलो, की तो दावा माझ्या ध्यानातून पार निघून जातो. भिकाऱ्याच्या वेषात 20 वर्षांनी परतलेल्या धन्याला कोणी न सांगता ओळखले ते या मुक्या जनावराने, आणि ओळख पटताच त्याने प्राण सोडला. घराण्याला हवा होता पूर्वज. ठसा कोरणाऱ्याने मात्र नखाएवढ्या जागेत त्या जनावराची माया उभी केली.

वस्तुसंग्रहालयांतून बहुधा नाण्याचे मुखच दर्शनी मांडलेले असते. वाचकांनी तेवढ्यावर समाधान न मानता पाठीमागची बाजू आवर्जून दाखवावयास सांगावी. धन्याने काय मिरवले ते तेथे कळते आणि कारागिराचा जीव कशात गुंतला होता, तेही.