गो, वेंट, गॉन

१९७०च्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यातल्या मराठी शाळांमध्ये शिकलेल्या आमच्या पिढीची आणि इंग्रजीची गाठ पडली ती पाचवीत. घरी दिवेलागणीला शुभं करोति व्हायचं, मग पाढे. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या जोडीला क्रियापदांची रूपंही आली. ताई पुढे म्हणायची, आम्ही मागून. शाळेत न जाणारं शेंडेफळही ‘टीच, टॉट, टॉट’ ठेक्यात म्हणे. ‘कट, कट, कट’ सगळ्यांचं लाडकं. ‘रीड, रेड, रेड’ मात्र लिहायचं एकसारखं आणि म्हणायचं वेगळं, म्हणून आई पोळ्या लाटता लाटता तेच हटकून विचारायची.

अडलं ते ‘गो’पाशी. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, मग ‘गो’चं ‘वेंट’ कुठून आलं? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आजोबांनी उलट विचारलं, “तू ‘मी शाळेत जालो’ म्हणतोस का?” आम्ही गप्प. जातो, पण गेलो! दोन्ही रूपं जन्मापासून तोंडात होती, आणि ती वेगळी आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढे कॉलेजात त्याचा उलगडा झाला. ‘वेंट’ हे मूळचं ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, ते ‘गो’ने आपलंसं केलं. आपलं ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूवरून आलं, ‘गेला’ मात्र ‘गत’वरून. ‘बी’ची गोष्ट तर याहून जुनी. इज, वॉज, बीन ही रूपं तीन निरनिराळ्या धातूंची. त्यातलं ‘इज’ आपल्या ‘अस्ति’चं सख्खं भावंड आणि ‘बी’ हे ‘भू’चं. ज्या भाषेला आम्ही बिचकत होतो, ती दूरच्या नात्यातलीच निघाली.

पाठांतराला हल्ली नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्या घोकंपट्टीच्या बळावर घरातली मोठी भावंडं मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजी अर्ज आणि पत्रं लिहू लागली, तीही कुठल्याही क्लासशिवाय. उणीव होती ती आजोबांसारखा प्रश्न विचारणाऱ्याची.

राज्यात २०००पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात. तुमच्या घरातलं एखादं मूल ‘वेंट’पाशी अडलं, तर त्याला आधी ‘मी गेलो’ म्हणायला सांगा.