ऊन सर्वांचे, गायरान कोणाचे?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही महाड-पोलादपूरची चार मंडळी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या मंगल परिणयासाठी धुळे जिल्ह्यात गेलो होतो. कार्य आटोपले आणि हाताशी एक दिवस उरला. तेव्हा सौर प्रकल्पांमुळे ज्यांची नावे ऐकली होती, ती साक्री तालुक्यातील शिवाजीनगर आणि शिंदखेडा तालुक्यातील विखरण ही गावे पाहूनच परतायचे ठरविले. आमच्याकडच्या वरकस माळांवरही आज ना उद्या अशी विचारणा होईल. तेव्हा काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक असावे.

शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. तारेच्या कुंपणापलीकडे दक्षिणेकडे तोंड केलेल्या काचेच्या रांगा. धूर नाही, राख नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीचा वास सोसलेल्या आम्हाला हे मोठेच वाटले. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हेही आम्हाला हवेच आहे. पण हिशेब हा आमचा पेशा. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे १२५ मेगावॉटला निदान पाचशे एकर!

विखरणला पोहोचलो तेव्हा मन जड झाले. हे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांचे गाव. औष्णिक प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली. पुढे तेथे सौर प्रकल्प करण्याचे ठरले. मोबदला मिळाला सुमारे चार लाख, शेजाऱ्यांना त्याहून कितीतरी अधिक. न्यायासाठी हेलपाटे घालून थकलेल्या या माणसाने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला प्राण सोडला.

वाचकहो, त्यांच्या हाती निदान सातबारा होता. ज्याच्या हाती तोही नाही, त्याचे काय?

परतताना रस्त्याकडेला शेळ्या राखणारी एक माउली भेटली. तिच्या गावच्या माळावर नुकतेच कुंपण पडले होते. ती म्हणाली, “ऊन त्यांनी घेतलं तर घेऊ दे बाबा, पण माझ्या शेळ्यांनी जायचं कुठं?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

२०२३ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे मिळतात. पण गायरानावर शेळ्या चारणाऱ्याला, तेथे दोन एकर कसणाऱ्याला भाडे कोण देणार? शिवाय सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यामुळे मोठ्या कारखान्यांसाठी घेतात तशी जनसुनावणीही होत नाही.

याच पडीक जमिनींसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही कित्येकांची नावे आजही कागदावर नाहीत.

आमच्या महाडला कागदाची किंमत कळते. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. तळ्याचा कागद होता, पाणी नव्हते. गायरानाचे उलटे आहे. कसणे आहे, कागद नाही.

म्हणून बांधवांनो, आताच तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, पाहा. आपले नाव, क्षेत्र, वर्ष तपासा. ग्रामसभेला जा आणि माता-भगिनींना सोबत न्या, कारण सरपण आणि चारा त्याच आणतात. प्रकल्प आला तर गुरांची वाट, पाणवठा आणि स्थानिकांना काम लेखी मागा. डोंगर उतारावर खोदाई असेल तर आधी २२ जुलै २०२१ चे तळिये आणि केवनाळे आठवा.

ऊन सर्वांचे आहे. त्या उन्हाखालची जमीनही आपल्या लेकरांची राहिली पाहिजे.

जयभीम!