उपाशीपोटी

श्रीवर्धनला ऑक्टोबरात कोणी स्वेटर घालत नाही. वारा पडलेला असतो, भात कापणीला आलेले असते आणि ओटीवर नुसते बसले तरी पाठीला सदरा चिकटतो. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही भावंडे घरी गेलो तेव्हा आई स्वेटर घालून, वर शाल लपेटून माजघरात बसली होती; आणि आमच्यापैकी एकालाही त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. हे आधीच कबूल केलेले बरे.

कारण तिच्या अवस्थेचे स्पष्टीकरण आमच्यापाशी तयार होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमचीही झाली. पोफळीचे रोप लावले की सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे जातात, तेव्हा आईच्या वयाला ते नुकसान केवळ पैशाचे नव्हते. त्यानंतर ती हळूहळू मंद होत गेली. बोलणे कमी झाले, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, केस विरळ झाले. संध्याकाळी रामरक्षा म्हणताना आवाज घोगरा येऊ लागला, पुढे ती मनातल्या मनातच म्हणू लागली. ‘आईने वादळ फार मनाला लावून घेतले,’ असे आम्ही एकमेकांना फोनवर सांगत असू. वाक्य चांगले होते. ते ऐकून नातेवाईकही हळहळत. दुःख ही प्रतिष्ठित गोष्ट आहे. त्याला रक्त तपासून घे असे कोणी म्हणत नाही.

पायाला सूज आली म्हणून त्या भेटीत तिला डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी सूज पाहिली, आणि मग आईला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्याने हलले, पण जागेवर परतताना रेंगाळले. दुसऱ्या पायाचेही तसेच. ‘वादळ कधी झाले ते सांगितलेत,’ त्या म्हणाल्या, ‘स्वेटर कधीपासून घालतात ते सांगा.’ ते आम्हांला सांगता आले नाही.

अहवाल आला. टीएसएच ४१, जो साधारण चार-पाचाच्या आत असायला हवा. थायरॉइड ग्रंथी थकली की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका तिला काम करण्यासाठी हाका मारते. टीएसएच म्हणजे त्या हाका, आणि ग्रंथी जितकी निरुत्तर तितका आवाज चढा. याबरोबर डॉक्टरबाईंनी बी-१२ आणि ड ही जीवनसत्त्वे मुद्दाम तपासायला लावली होती. बी-१२ निघाले १४०, प्रयोगशाळेची खालची मर्यादा दोनशेच्या आसपास असताना. आणि ड निघाले ११, जिथे वीसच्या खाली कमतरता धरतात. हे जास्तीचे खर्च कशाला, असे आमच्यातल्या एकाने विचारलेच. थकवा, विस्मरण, हातापायांना मुंग्या, उदासी ही बी-१२ च्या कमतरतेचीही लक्षणे आहेत. आई जन्माची शाकाहारी. शिवाय स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडवर हल्ला केलेला असला तर तीच कधीकधी जठराच्या अस्तरालाही सोडत नाही आणि बी-१२ चे शोषण बिघडते. नुसती थायरॉइडची गोळी दिली आणि हे तसेच राहिले, तर तीन महिन्यांनी तुम्हीच म्हणाल की गोळीचा गुण येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

ड जीवनसत्त्वाचे मात्र आम्हांला नवल वाटले. समुद्रकाठच्या उन्हात जन्म गेलेल्या बाईला? पण वाडीत ऊन असते कुठे! पोफळींच्या दाट सावलीत, अंगभर लुगड्यात तिचे आयुष्य गेले. वादळाने ते छत्र उडवून वाडीत रखरखीत ऊन आणले, तेव्हा ती माजघरातून बाहेर येईनाशी झाली होती.

दुसरे नवल आळीने केले. समुद्राजवळ, आयोडीनच्या शेजारी राहून थायरॉइड कसा? हा समज एका जुन्या सत्यातून आलेला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आयोडीनअभावी गलगंड घरोघरी असे, त्यासाठी सरकारने १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढे मीठ आयोडीनयुक्त झाले. पण आयोडीन पुरेसे असतानाही ग्रंथी निकामी होते, ती बहुधा त्या प्रतिकारशक्तीच्या घोटाळ्याने. हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. भारतातल्या आठ शहरांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना हा विकार आढळला. किनाऱ्यावर प्रमाण थोडे कमी होते, इतकेच. त्या अकरांत आमची आई बसते.

वय आणि हृदय लक्षात घेऊन सुरुवात २५ मायक्रोग्रॅमने झाली. सकाळी उपाशीपोटी गोळी, पुढे अर्धा-पाऊण तास काही नाही. चहासुद्धा नाही. येथे खरा संघर्ष उभा राहिला. आमच्या घरी दिवस सूर्याने उगवत नाही, पाच वाजताच्या चहाने उगवतो. त्यानंतर पंप लावून वाडीचे शिंपणे. आईने साठ वर्षांत हा क्रम बाळंतपणांखेरीज मोडलेला नव्हता.

दुसरा प्रश्न तिनेच विचारला: ‘गोळीत प्राण्याचे काही नाही ना?’ इतिहास सांगावा की नाही याचा आम्हांला पेच पडला. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे याने याच विकाराच्या सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पण १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि आजची गोळी त्या कृत्रिम वंशातली आहे. बी-१२ जिवाणूंकडून करवून घेतात. राहिले ड-३, ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. हे भीतभीतच सांगितले. ‘लोकरीला काय झाले? धाबळी सोवळ्याला चालते,’ असा तिने निकाल दिला.

दीड महिन्यानंतर टीएसएच पाहिला, तो ३६. थायरॉक्सिन रक्तात निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा घेते, म्हणून सहा-आठ आठवड्यांआधी तपासून उपयोग नसतो हे आम्हांला माहीत होते. मात्रा लहान होती हेही. तरीही इतके थोडे? डॉक्टरबाईंनी मात्रा वाढवण्याआधी सकाळचा सारा क्रम विचारला आणि चूक सापडली. ती आमची होती. आई विसरू नये म्हणून आम्ही पुण्याहून कप्प्याकप्प्यांची डबी आणली होती आणि सकाळच्या कप्प्यात थायरॉइडच्या गोळीशेजारी ‘हाडांसाठी’ कॅल्शियमची गोळी भरून ठेवली होती. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तासांचे अंतर हवे. म्हणजे उपाशीपोटी राहून, चहाचा त्याग करून ती बाई रोज गोळीतली बरीचशी वाया घालवत होती, आणि ती व्यवस्था आम्ही प्रेमाने लावून दिलेली होती.

कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेले. मात्रा ५० झाली. झोपताना गोळी घेतली तरी चालते, असे दाखवणारी नेदरलँड्सची २०१० सालची एक चाचणी आम्ही शोधून काढली व आईला समजावू लागलो. तिने ऐकून घेतले आणि सांगितले की पहाटे चारला तिला एकदा उठावे लागतेच. तेव्हा गोळी घेऊन ती पुन्हा आडवी होते, आणि पाचला चहा. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, उत्तम.

२०२३ च्या मार्चमध्ये टीएसएच सहावर आला. बी-१२ आणि ड तोवर चढले होतेच. तिन्ही एकदमच सुरू केल्यामुळे आईला परत कोणी आणले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आम्हांला ते फोनवर कळले. आवाज पातळ झाला होता आणि ती आमचे वाक्य मध्येच तोडू लागली होती.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा, आपण दोन वर्षे उगीच वादळाला दोष दिला, अशा अर्थाचे काहीतरी आमच्यापैकी एक जण बोलून गेला. आई ओटीवर सुपारी कातरत होती. ‘उगीच कसा?’ ती म्हणाली. ‘माझी वाडी गेली त्याचे वाईट वाटतच होते. अजूनही वाटते.’ मग अडकित्ता खाली ठेवून तिने विचारले की सुपारी संशोधन केंद्रातून आणलेल्या रोपांपैकी विहिरीकडची चार सुकलेली आहेत, ती आमच्यापैकी कोणी पाहिली का. आम्ही कोणीच पाहिली नव्हती.