मागच्या सीटचे ऐकले तेव्हा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कळंबजवळ आमची मोटारसायकल खडीवर घसरली. मगरिबच्या आत घर गाठायचे म्हणून गाडी जोरात होती. "सावकाश घ्या" असे मागून दोनदा सांगून झाले होते. पुढच्याने ऐकले नाही. मागे बसलेलीचा हात मोडला. हाड जुळले, पण त्यानंतर आम्ही नवरा-बायको एका गाडीवर बसलो नाही. बाजाराला रिक्षा, माहेरी एसटी. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही माळशेज घाटातून जुन्नरला मोटारसायकलवरून जायचे ठरवले, तेव्हा मुलांनी आधी हेच विचारले, "अम्मी खरंच बसणार?"

अम्मीने एक अट घातली होती. मागून "थांबा" म्हटले की गाडी थांबेल, कारण विचारायचे नाही. अट कबूल झाली.

मुलांना नानीकडे सोडले. ब्रेक, चेन तपासून घेतली, दोघांच्या वजनाला लागेल तेवढी हवा भरली. हेल्मेट दोन घेतले. बुरख्याचा घेर आणि ओढणीचे टोक चाकात जाऊ नये म्हणून नीट आवरून घेतले. अनेक अपघात एवढ्याशा हलगर्जीपणाने होतात. शनिवारी फजरची नमाज पढून, सफरची दुआ म्हणून निघालो.

पाऊस नुकताच सरला होता. भात पिवळे पडू लागले होते. माथेरान मागे राहिले. उजवीकडे भीमाशंकरची रांग आणि पुढे सिद्धगड, गोरखगडाचे सुळके दिसू लागले. पौषात गुरांची मोठी जत्रा भरते ते म्हसा मागे टाकून मुरबाडला पेट्रोल भरले. तोवर मागचा हात पुढच्याचा खांदा घट्ट धरून होता. टोकावड्याला चहा झाल्यावर पकड थोडी सैल झाली.

वैशाखऱ्याजवळ उजव्या हाताला अंगठ्यासारखा डोंगर दिसतो. तो नानाचा अंगठा, त्याच्या शेजारीच नाणेघाट. त्याला पायथ्यावरूनच सलाम करून आम्ही माळशेज चढलो. घाटात सोनकीची पिवळी फुले होती, कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून वाहत होत्या. बोगदा ओलांडून वर आलो, की हवा बदलते. पुढे पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. गणेश खिंडीतून दुपारी जुन्नर गाठले.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० मध्ये शिवनेरीवर झाला, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. त्याच गडावर कमानी मशीद आहे, हे मात्र पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. दोन मिनारांना जोडणारी तिची कमान खालूनही उठून दिसते. जुन्नर हे निजामशाहीचे पहिले ठाणे. मलिक अहमदने १४९० मध्ये इथूनच स्वतंत्र राज्य सुरू केले आणि नंतर अहमदनगर वसवले. गावाबाहेर सौदागर घुमट आहे. सौदागर म्हणजे व्यापारी. या गावाशी व्यापाराचे नाते किती जुने आहे, ते दुसऱ्या दिवशी नाणेघाटात कळले.

घाटघरहून नाणेघाटाच्या माथ्यावर गेलो. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपाऱ्याकडचा माल याच खिंडीतून जुन्नर, पैठणला जाई. गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या दानाचे आकडे त्यात कोरले आहेत. वाटेवर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असे सांगतात. कड्यावर उभे राहिलो तर खाली कोकण पसरलेले. काल ज्या रस्त्याने आलो तो दोऱ्यासारखा दिसत होता. दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून माणसे ही चढण चढत. "त्यांनाही कुणी सावकाश म्हणत असेल का?" असा प्रश्न मागच्या सीटवरून आला. दोघेही हसलो. त्या अपघाताच्या आठवणीवर आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो होतो.

परतताना परतीच्या पावसाने गाठले. माळशेजच्या माथ्यावर साडेचारलाच ढग उतरले. दहा हातांवरचे दिसेना. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे एकदम अंगावर आल्यासारखे वाटत. २०१४ च्या जानेवारीत याच घाटात एसटी बस दरीत कोसळून वीसहून अधिक माणसे गेली, ते आठवले. पण सोमवारी शाळा होती, पहिलाच तास आमचा. हळूहळू उतरू, असा विचार पुढच्या सीटवर चालू होता. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"थांबा. परत फिरू या."

कारण विचारायचे नव्हते. तरी तोंडाशी आले होते, "अंधाराच्या आत खाली पोहोचू." दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य बोललो होतो. ते गिळले. रुंद जागा बघून गाडी वळवली आणि ओतूरला मुक्काम केला. मुख्याध्यापकांना फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मुलांना सांगितले, अम्मी-अब्बू उद्या येतील. नानी म्हणाल्या, "बरे केलेत."

सकाळी घाट धुतल्यासारखा स्वच्छ होता. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरलो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी दगा देतो. वेग इंजिनानेच आवरावा लागतो. दोनदा मागून "सावकाश" आले, दोन्ही वेळा गाडी सावकाश झाली. टोकावड्याच्या त्याच टपरीवर पुन्हा चहा घेतला.

मधल्या सुट्टीत शाळा गाठली. संध्याकाळी मुलांनी विचारले, सफरीत सगळ्यात भारी काय होते? एकाने नाणेघाट सांगितला. दुसरी म्हणाली, "घाटातून गाडी वळवली, ते."

आता बाजारालाही आम्ही गाडीवरूनच जातो.